दुनळीवरची बॅटरी

वली जाळीच्या आत उकिडवा बसला होता आणि त्याच्या मांडीवर करडू होतं. करडू कसलं, मढंच. मान लोंबकळलेली, पोट फाडलेलं. तांबडी शेळी जरा दूर उभी राहून ओरडत होती, आणि ओरडता ओरडता मधेच गवताच्या काडीला तोंड लावत होती. जनावरच ते.

दौलतनं डोक्यावरचा घासाचा भारा खाली टाकला. पहाटेच्या दवानं भारा ओला झाला होता आणि भाऱ्यानं दौलतची मान, बनियन, पाठ सगळी भिजली होती.

"कुत्रीच ना?"

"मग काय शेर येणार?" वली म्हणाला. "परवा जाळी वाकवली, आज खालून उकरलंय. बघ."

वली पेशावरकडचा पठाण, शेळ्या त्याच्याकडे. दौलत संगमेश्वर तालुक्यातला, खजुराची झाडं, घास आणि पाण्याची मोटर त्याच्याकडे. सात वर्षं दोघं एका खोलीत राहत होते आणि एका थाळ्यात जेवत होते. वलीचं हिंदी पठाणी, दौलतचं कोकणी. दोन्ही घुसळून त्यांची एक तिसरीच भाषा झाली होती. ती जशीच्या तशी सांगितली तर ऐकणाऱ्याची दमछाक होईल, म्हणून आपण मराठीतच घेऊ.

मळा अल ऐन शहराच्या बाहेर, डोंगराच्या अंगाला होता. मालक हमीद, पण त्याला हमीद म्हणणार कोण? तिकडे मालकाला अरबाब म्हणतात. म्हातारा सत्तरीला टेकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू आलेला, पण ताठ. शेळ्यांची ती पैदास त्याच्या आईच्या हातची होती. पोरं अबुधाबीला ऑफिसात गेली, बंगले झाले, तरी म्हातारा रोज गाडी घेऊन यायचा, चटईवर बसून गड्यांबरोबर चहा प्यायचा आणि एकेका शेळीला नावानं हाक मारायचा. दौलतचा बाप वारला तेव्हा त्याला विमानात बसवून द्यायला हाच म्हातारा स्वतः गेला होता. असा मालक दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही.

कोरड्या नदीपलीकडे शहराचा कचरा टाकायचे, तिथं ती कुत्री पोसली होती. थंडी पडली, शेळ्या व्यायला लागल्या, तशी कुत्र्यांना कोवळ्या मांसाची चटक लागली. अरबाबनं आपली जुनी दुनळी बंदूक बाहेर काढली. आदल्या संध्याकाळी वलीच्या हातात टॉर्च देऊन तो बसलासुद्धा होता. पण वलीचा उजेड एकीकडे, म्हाताऱ्याची नळी दुसरीकडे, आणि कुत्री तिसरीकडूनच आत शिरली.

अरबाब आला, मेलेलं करडू बघितलं आणि तांबडीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग दौलतकडे वळला.

"दौलत, तू बोला था ना, तुमारा गाव में बत्ती बंदूक के साथ बांधता?"

झालं! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. कधीतरी चहाच्या भरात दौलतनं बढाई मारली होती. आमच्या गावात रानडुकराची शिकार अशी, बॅटरी नळीखाली सायकलच्या ट्यूबनं अशी आवळायची, माझा चुलता म्हणजे पंचक्रोशीत एक नंबर. म्हातारा तेव्हा डोळे मिटून ऐकत होता. वाटलं होतं झोपला. झोपतोय कसला.

"बांधतो, अरबाब," दौलत म्हणाला. "पण त्यापेक्षा कुंपणाखाली सिमेंट घालू. कुत्री उकरणार नाहीत."

"सिमेंट बाद में. कुत्ता पहले. तुम जा सूक, एक नंबर बत्ती लाव. मजबूत. पैसा मत देख." म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तेरे को मालूम है, मेरे को नहीं मालूम."

दौलतला ती बंदूकच नको होती. कारण मळ्यावर रात्री काय काय फिरतं ते त्याला म्हाताऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

खजुराच्या शेवटच्या रांगेमागं जुन्या मोटरीची खोली होती. मोटर कधीच नव्या विहिरीवर नेली होती. राहिल्या होत्या चार भिंती, पत्र्याचं दार आणि ऑइलचा वास. तिथं नागेश लपला होता. नागेश दौलतच्या वाडीतला, दोन घरं सोडून घर. दुबईकडं कुठल्याशा कंपनीत शटरिंगच्या कामावर आला, कंपनी बुडाली, मालक पळाला, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. कॅम्पातलं पाणी तुटलं तसा हा भिंतीवरून उडी मारून निघाला आणि कुणाकुणाच्या गाडीतून दौलतकडे येऊन थडकला. आदल्या साली सरकारनं बिनकागदाच्या माणसांना माफी दिली होती. ती मुदत संपली होती. आता सापडला तो जेलमध्ये, आणि ज्यानं आसरा दिला तोही त्याच्या मागोमाग.

तरी दौलतनं त्याला ठेवून घेतलं. न ठेवून सांगतो कुणाला? नागेश विमानात चढायच्या आधी त्याची आई, प्रभावतीकाकी, दौलतच्या पडवीत येऊन बसली होती. दौलत तेव्हा सुट्टीवर होता. "तू हाईस ना तितं? मग मना कसला घोर नाय," म्हणाली आणि पदरातले चार आंबे त्याच्या पोरांच्या हातात देऊन गेली. आंबे पोरांनी खाल्ले, पण घशात अडकले ते दौलतच्या.

घास कापायला जाताना तो भाऱ्याच्या फडक्यात रोट्या गुंडाळून न्यायचा आणि पत्र्याच्या दाराशी ठेवायचा. वलीला यातलं त्यानं काही सांगितलं नव्हतं. वली माणूस सोन्यासारखा, पण पठाण. अरबाबचं मीठ खातो म्हणजे खातो. एकदा एका दुसऱ्या गड्यानं करडू चोरून विकलं, तर वलीनं त्याला मानगुटीला धरून अरबाबपुढं उभं केलं होतं. शिवाय गाववाला तो गाववाला. आपल्या वाडीची गोष्ट परक्याच्या कानावर कशाला? असं दौलतला वाटलं, आणि वाटलं तेही अगदी सहज, जराही न थांबता वाटलं.

त्या दुपारी तो मोटरीच्या खोलीत गेला. नागेश भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. कोपऱ्यात डबा होता आणि डब्याच्या कडेला दुधाची साय सुकली होती.

"शेळीचं दूध काढतोस?" दौलत एकदम भडकला. "अरे, वली रोज बडबडतोय तांबडी दूध आखडून धरते, चोरते म्हणून! पकडून द्यायचाय काय मला?"

"आयशप्पत दादा, मी शेळीला हात नाय लावला. डबा तं—"

"गप बस. काय सांगू नको." दौलतनं आवाज खाली आणला. "नीट ऐक. अंधार पडल्यावर भायेर पाय टाकायचा नाय. पाण्याला नाय, परसाकडंला नाय. अरबाब बंदूक घेऊन बसणाराय."

"मंग पाणी कवा आणू? दिवसा तुमीच जाव देत नाय."

"तहानेला मर एक दिवस. विघ्नेशचा निरोप आलाय. त्याची गाडी भाजी घेऊन शारजाला जाते. या आठवड्यात नेतो म्हणालाय. तिथं आपली पोरं हायत, काय तरी करतील."

"कवा येणार?"

"येईल तवा येईल. मी काय त्याच्या गाडीत बसलोय?"

नागेश रडायला लागला. सव्वीस वर्षांचा घोडा, गुडघ्यात तोंड घालून रडला. दौलत त्याच्या डोक्यावर हात ठेवणार होता, पण बाहेर वलीची शीळ ऐकू आली आणि तो फडकं गुंडाळून निघाला.

दुसऱ्या दिवशी तो टॅक्सीनं सूकमध्ये, म्हणजे बाजारात गेला. जमाल म्हणून एक मलबारी होता, त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. पंखे, वायरी, मच्छरदाण्या, सगळं एकात एक. दौलतनं सांगितलं, बंदुकीला बांधायची बॅटरी पाहिजे. जमालनं भुवया उंचावल्या, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्यानं काचेवर दोन बॅटऱ्या ठेवल्या.

एक काळी, आखूड, वरून जाड रबर चढवलेली. दिसायला अगदी गावठी. दुसरी लांब, चांदीसारखी चकचकीत, पुढचं तोंड वाटीएवढं.

"ये काला वाला लो," जमाल म्हणाला. "तेल कंपनी का आदमी यही लेके जाता है. देखो." आणि त्यानं ती पेटवून धाडकन फरशीवर टाकली. बॅटरी गडगडत कपाटाखाली गेली आणि तिथून उजेड पाडत राहिली.

दौलत वाकला आणि त्यानं ती उचलली. त्याच्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. चुलत्यानं शिकवलेलं कुठं जातंय? पेटलेली बॅटरी डाव्या मुठीत धरायची आणि उजव्या तळव्यानं बुडाला सणसणीत ठोसा द्यायचा. बंदूक उडते तेव्हा असाच धक्का मागं बसतो. उजेडानं डोळा मिचकावला नाही तर बल्ब टिकतो. मिचकावला, की समजायचं पहिल्या बाराला आतली तार तुटणार.

काळीला त्यानं ठोसा दिला. उजेड ढिम्म.

मग चकचकीत उचलली. तिचा झोत दुकानाबाहेर रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या पाटीवर जाऊन पडला. तिला ठोसा दिला. उजेड फडफडला, आणि परत लागला.

दौलत दोन्ही हातांत दोन बॅटऱ्या घेऊन उभा राहिला. बघणाऱ्याला वाटावं, वजन करतोय. आणि एका अर्थी करतच होता. काळी घेतली तर म्हातारा दोन्ही नळ्या नीट बघून झाडणार, परत भरणार, परत झाडणार, आणि त्या रानात कुठं हललं की तिकडे वळणार. चकचकीत घेतली तर एक बार होईल आणि अंधार. अंधारात म्हातारा थांबेल. कोण शहाणा माणूस न दिसता चाप ओढतो? त्या अंधारात नागेशला पळायला वाट मिळेल. कुत्री काय, आज नाही तर उद्या मरतील. करडं मेली तर परत होतील. माणूस परत होतो काय?

असा हिशेब त्यानं मांडला. हिशेब चुकीचा होता असंही त्याला वाटलं नाही. फक्त अरबाबचा हात खांद्यावर होता तिथं काहीतरी टोचत राहिलं.

"ये दे," तो म्हणाला आणि चकचकीत पुढं केली.

"भाई, मेरी मानो—"

"अरबाब को दूर फेंकने वाला चाहिये."

जमालनं खांदे उडवले आणि ती पिशवीत घातली. दौलत बाहेर आला तेव्हा त्याच्या तळव्याला ठोशाची झिणझिण होती. टॅक्सीत बसेपर्यंत ती गेली नाही.

मळ्यावर परत आला तर अरबाब वाटच बघत होता. दौलतला त्यानं जागचं हलू दिलं नाही. चटई टाकली, दुनळी मांडीवर घेतली, काडतुसं काढून ठेवली. दौलतनं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या, नळीखाली बॅटरी धरली, ट्यूब ताणून ताणून आवळली, वरून पाण्याच्या पायपाची क्लिप लावून पेचकसानं पिळली. मन चोर असलं तरी हात चोर नव्हते. बांधणी अशी केली की ओढून निघाली नसती. वली बाजूला बसून क्लिपा हातात देत होता.

"वा दौलत! तू तर मिस्त्री निघालास."

दौलतनं पेच आणखी एक वेढा पिळला.

अरबाबनं बंदूक खांद्याला लावली आणि खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यावर झोत टाकला. कोपऱ्यातली पाल दिसली, पालीचे डोळे दिसले. म्हातारा लहान पोरासारखा हसला. "ज़ेन! वल्ला, ज़ेन!" म्हणाला, म्हणजे झकास, आणि दौलतच्या गालाला हात लावून आपल्या ओठांना लावला. दौलतला वाटलं, यापेक्षा यानं कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

मोटरीच्या खोलीकडं जायला त्याला त्या दिवशी वेळच मिळाला नाही. रोट्या भाऱ्यातच राहिल्या.

इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची बांग झाली, अंधार दाटला, आणि तिघं जाऊन शेळ्यांच्या कुंपणाशी बसले. अरबाब बाजल्यावर, दौलत त्याच्या डाव्या हाताला काडतुसं घेऊन, वली फाटकाशी. थंडी चावत होती. शेळ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. दौलतचं लक्ष कुत्र्यांकडं नव्हतंच. त्याचे कान खजुराच्या रांगेमागं लागले होते. गप राहा रे बाबा, खोकू नको, एवढंच त्याचं चाललं होतं.

कुत्री आली. आधी वाळू खरवडल्याचा आवाज, मग तांबडीचं फुरफुरणं. अरबाबनं बटण दाबलं आणि झोत पडला. जाळीपाशी डोळे चमकले, हिरवे, खालीवर होणारे. कुत्री वळली आणि पळाली ती थेट खजुराकडं. म्हाताऱ्यानं नळी त्यांच्यामागं फिरवली.

आणि तेव्हा दौलतला कळलं की आपण काय आणलंय. काळ्या बॅटरीचा उजेड पहिल्या दोन रांगांतच जिरला असता. ही चकचकीत भवानी सगळ्या रांगा भेदून पार गेली, आणि तिचा झोत जाऊन आपटला तो मोटरीच्या खोलीच्या दारावर. पत्र्याचं दार आरशासारखं उजळलं. कुत्री बरोबर दाराच्या रेषेत होती.

बार झाला. दस्ता म्हाताऱ्याच्या खांद्यावर आदळला, आणि बॅटरी गेली. अगदी दौलतनं ठरवल्याप्रमाणे.

गावाकडच्या शिकारीत एक नेम असतो. बार झाला की बंदूकवाला हाक देईपर्यंत कोणी जागचा पाय उचलायचा नाही. वाघ मागं लागला तरी नाही. लहान पोरालाही हे माहीत असतं, म्हणून दौलतनं ते वलीला कधी सांगितलंच नव्हतं. सूर्य पूर्वेला उगवतो हे कोणी कोणाला सांगतं काय?

वली उठला आणि पळाला. "रुको, रुको!" असं काहीतरी ओरडत सरळ खजुराच्या दिशेनं पळाला. अंधारात वाळू तुडवणारे पाय ऐकू आले. धक्क्यानं हडबडलेल्या म्हाताऱ्याला तो आवाज कुत्र्याचा वाटला की बोटच आकसलं, देव जाणे. दुसरी नळी उडाली. त्यानं "थांब" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा वली आधीच खाली पडला होता.

मग काय काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. अरबाबनं डोक्याचं फडकं काढून वलीच्या हाताला गुंडाळलं, स्वतः गाडी हाकली, आणि वाटभर तो म्हातारा स्टिअरिंगवर मूठ मारत "या रब, या रब" करत होता. मागच्या सीटवर वलीचं डोकं दौलतच्या मांडीवर. छर्रे उजव्या हातात आणि पंज्यात शिरले होते. हॉस्पिटलात ते बरेचसे काढले. पंज्याची तीन बोटं पुढं कधी मिटली नाहीत.

पोलीस आले, बंदूक घेऊन गेले. अरबाबनं एका शब्दात सगळं आपल्या अंगावर घेतलं. डोळ्यांना दिसत नाही, दुसरा चाप मी ओढला, गड्यांचा काही दोष नाही. पोलिसानं बॅटरी उलटसुलट करून बघितली, हलवली. आत बल्ब खुळखुळला. त्यानं ती दौलतच्या हातात दिली आणि तो निघून गेला.

जाताना अरबाब दौलतला म्हणाला, "तेरा बत्ती ज़ेन था. मेरा नसीब ज़ेन नहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत मोटरीच्या खोलीकडं धावला. दार उघडं. पत्र्यावर छर्ऱ्याच्या खुणा. आत कोणी नाही. अंथरायचं पोतं घडी घालून ठेवलेलं आणि त्यावर दुधाचा डबा घासून पालथा. दुपारी विघ्नेशचा फोन कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं आला तेव्हा कुठं उलगडा झाला. तो म्हणाला, काल दुपारीच नेला त्याला. तू बाजारात गेला होतास ना? मी मागच्या फाटकाशी गाडी लावली, पाच मिनिटं थांबलो. आता शारजात पोरांच्या खोलीवर मस्त झोपलाय. का रे, काय झालं?

"काय नाय," दौलत म्हणाला.

म्हणजे तो दुकानात दोन बॅटऱ्या हातात घेऊन उभा होता, नाही तर टॅक्सीतून परत येत होता, तेव्हा नागेश भाजीच्या पेट्यांमध्ये बसून निघूनसुद्धा गेला होता. सगळं कशासाठी केलं? रिकाम्या खोलीसाठी. चार भिंती आणि ऑइलच्या वासासाठी.

वली परत आला तो हात गळ्यात बांधून. दौलतनं त्याची सगळी कामं अंगावर घेतली. पहाटे घास, मग शेळ्या, मग पाणी, मग परत शेळ्या. दूध काढायची सवय नव्हती; तांबडीनं दोनदा लाथ मारून भांडं उलथं केलं. वली बाजूला बसून सांगायचा, "अंगठा आत घे. आत. मारतोस कशाला तिला, आई आहे ती." कुंपणाखाली सिमेंट पडलं. कुत्री एकदा आली, हुंगून परत गेली. अरबाब आता दोन-चार दिवसांनी यायचा, वलीच्या हाताकडं बघायचा आणि चहा न पिता जायचा.

सगळ्यात वाईट वेळ जेवणाची. डाव्या हातानं वली खायचा नाही. त्यांच्यात तसं खात नाहीत. उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट एवढंच चालत होतं, त्यानं घास उचलता येई पण रोटी तोडता येत नव्हती. म्हणून दौलत थाळ्यात त्याच्या बाजूला रोटीचे बारीक बारीक तुकडे करून ठेवायचा. वली एकेक चिमटीत धरून डाळीत बुडवायचा आणि दर जेवणाला म्हणायचा, "अल्ला तुला बरकत देवो." दौलत पुढची रोटी तोडायला घ्यायचा.

एक दिवस दुपारी दोघं शेडच्या सावलीत बसले होते. दौलत शेळीच्या गळ्यातली दोरी वळत होता.

"तुझा भाऊ पोचला का नीट?" वलीनं विचारलं.

"कोण भाऊ?"

"अरे, तो मोटरीच्या खोलीतला."

दौलतच्या हातातली दोरी तशीच राहिली.

वली हसला. "रोज चार रोट्या कमी व्हायच्या. मी काय आंधळा? दूध कोण ठेवत होतं त्याच्या दाराशी? तुझी रोटी कोरडी. पाहुण्याला कोरडी रोटी घालतात होय? तांबडी दूध चोरते असं बोंबलत होतो ते अरबाबच्या कानावर घालायला, डब्याचा हिशेब लागावा म्हणून."

"मग मला बोलला का नाहीस?"

"माणूस तुझा. तू सांगशील म्हणून थांबलो. तुझी मर्जी." वलीनं दुखरा हात मांडीवर नीट ठेवला. "त्या रात्री तो उजेड जेव्हा त्याच्या दारावर पडला ना, माझा तर जीवच गेला. म्हटलं, मेला पोरगा. म्हणून पळालो. मला काय माहीत तो निघून गेलेला! घडी घातलेलं पोतं, घासलेला डबा नंतर बघितला तेव्हा कळलं."

शेळ्या रवंथ करत होत्या. मोटर घरघरत होती. दौलतला वाटलं आता उठावं, मोटर बंद करायचं निमित्त काढावं, कुठंतरी लांब जाऊन कपाळ भिंतीवर आपटावं. पण त्याच्यानं उठवलं नाही. सात वर्षं ज्याच्याबरोबर एका थाळ्यात जेवला, त्याला त्यानं परका धरलं होतं; आणि तो परका त्याच्या गाववाल्यासाठी बंदुकीपुढं पळाला होता.

"वली," तो म्हणाला. "बॅटरी खराब नव्हती निघाली. मी खराब बघूनच आणली होती. चांगली होती दुकानात. मला माहीत होतं ती पहिल्या बाराला जाणार. जावी म्हणूनच आणली. नागेशसाठी."

वली त्याच्याकडं बघत राहिला. रागावला नाही, ओरडला नाही. मग त्यानं आपल्या हाताकडं बघितलं.

"मला सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर मी जागेवर बसून राहिलो असतो."

एवढं बोलून तो उठला आणि खोलीकडं गेला.

संध्याकाळी दौलतनं डाळ केली, रोट्या शेकल्या, थाळा मधे मांडला. वली आला. भिंतीवर खिळ्याला एक पितळी थाळी अडकवलेली होती, पाहुण्याबिहुण्यासाठी ठेवलेली. वलीनं ती काढली, झग्याला पुसली, तीत थोडी डाळ वाढून घेतली, एक रोटी घेतली आणि उंबऱ्याशी पाठ करून बसला.

रोटी त्यानं दुखऱ्या पंज्याखाली गुडघ्यावर दाबून धरली आणि डाव्या हातानं ओढली. ती सुटून खाली पडली. त्यानं उचलली, फुंकर मारून वाळू झाडली आणि परत गुडघ्यावर धरली.

दौलतचा हात अर्ध्यावर उचलला गेला होता. तो त्यानं खाली घेतला आणि आपल्या थाळ्याकडं बघितलं. बोटांनी सवयीनं आपलं काम केलं होतं. रोटीचे बारीक बारीक तुकडे, चिमटीत मावतील असे, थाळ्याच्या पलीकडच्या बाजूला नीट लावून ठेवलेले होते, आणि त्या बाजूला कोणी बसलेलं नव्हतं.